फ्रिजवालीचा खराटा

मोहाखालची जमीन आधीच कोणीतरी झाडून ठेवली होती.

नीलाबाई जागीच थबकली. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. होळी होऊन गेली होती, फुलं गळायला लागली होती, आणि नाल्याकाठच्या तिच्या तिन्ही झाडांखाली औषधालासुद्धा पाचोळा उरला नव्हता. थोरला मोह, वाकडा मोह आणि नाल्यावर झुकलेला अस्वल्या. नावं तिच्या सासूनं ठेवलेली. अस्वल्याखाली एकदा सासूची आणि अस्वलाची गाठ पडली होती, आणि सासूच्या सांगण्याप्रमाणे त्यातलं अस्वल घाबरून पळालं. सासूला ओळखणाऱ्या कोणालाही ते खोटं वाटलं नाही.

थोरल्या मोहाखाली रंजीता वाकून फुलं वेचत होती. नीलाबाईची धाकटी जाऊ. तिच्या पलीकडे तिचा नवरा लच्छू उकिडवा बसून टोपल्यातला कचरा निवडत होता. टोपलं अर्धं भरलेलं होतं.

"कोनाच्या झाडाखाली बसले रे?" नीलाबाईनं विचारलं.

रंजीतानं मान वर केली नाही. लच्छू मात्र हसला. "ये वयनी. इतक्या सकारी काऊन आली?"

"मी दरसाल इतक्याच सकारी येतो. तू कवापासून येऊन राह्यला?"

"गेल्या सालापासून," लच्छू म्हणाला. "तूच तं खराटा देल्ला रंजीताले. भर आंगनात. सारं गाव पाहून राह्यलं होतं."

नीलाबाईच्या हातात या साली बांधलेला नवा खराटा होता. तो एकदम तिला परका वाटला.

धानोऱ्याकडच्या कवठीटोल्यात मोहाच्या झाडाला सातबारा नसतो. जंगल कोणाच्या बापाचं नाही, पण झाड घराघराचं असतं, आणि ते कोणाचं हे ठरतं खराट्यावरून. फागुनात जी बाई झाडाखाली झाडते, तिचीच फुलं. पुढं पावसाआधी त्याच झाडाची टोरी, म्हणजे बी, तीच वेचते आणि वर्षाचं तेल काढते. सासू थकली की एक दिवस अंगणात, चार माणसांदेखत, सुनेच्या हातात खराटा देते. काड्या दरसाल नव्या बांधायच्या, बांबूची मूठ मात्र तीच. नीलाबाईला तो असाच मिळाला होता. आणि गेल्या साली, ऐन फुलांच्या दिवसांत, टीव्हीवाल्यांची जीप गावबैठकीच्या गोटुलापुढं हॉर्न मारत उभी असताना, तिनं तो घाईघाईत रंजीताच्या हातात कोंबला होता. "मी येतपरेंत पाह्यजो वं," एवढंच बोलली आणि पळाली. आपण काय करून बसलो हे तिला जीपमध्येसुद्धा कळलं नव्हतं. उलटीवर लिंबू चोखत बसली होती. परतली तोवर फुलं सरली होती, आणि खराटा परत मागायचं राहूनच गेलं.

"मी मुंबईवरून येतपरेंतच देल्ला होता," ती म्हणाली.

"खराटा असा उसना देतेत का कोनी? साखर हाय का ते?" लच्छूनं टोपलं जवळ ओढलं. "अन तुले काय कमी हाय, वयनी? तुह्या घरी फ्रिज हाय."

आलं. वर्षभर गावात ज्याच्या त्याच्या पोटात जे होतं, ते लच्छूच्या तोंडातून बाहेर आलं.

फ्रिज होता खरा. दोन दारांचा, लाल, बिरजूपेक्षा उंच. बिरजू म्हणजे नीलाबाईचा नवरा.

फ्रिज जिंकायला नीलाबाईला काही अक्कल लागली नव्हती, आणि हे तीच सगळ्यांना सांगत असे. धानोऱ्याच्या बाजारात ती तेंदूची टेंभरं विकायला बसली होती. 'नशिबाची पेटी' नावाच्या खेळासाठी बाया निवडायला टीव्हीचे लोक आले होते. एकानं तिच्यापुढं माईक धरून विचारलं, तुमच्या नवऱ्याचा सगळ्यात चांगला गुण कोणता. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "झोपला की घोरत नाई." झालं, तिला मुंबईला नेलं. तिथं लिंबू-चमच्यात पुढची बाई घसरली, फुगे फोडताना दुसरीचा पदर अडकला, आणि नीलाबाई पेट्यांपुढं जाऊन उभी राहिली. तिनं मधली पेटी दाखवली. पडदा सरकला. झगझगीत कपड्यांतल्या निवेदकानं फ्रिजचं दार उघडलं, आतला दिवा लागला आणि गार हवा तिच्या तोंडावर आली.

नीलाबाई हसायचं विसरली. जन्मभर उन्हाळा अंगावर काढलेला. एप्रिल-मेमध्ये मडक्यातलं पाणीसुद्धा कोमट होतं, घोट गिळला तरी घसा कोरडाच राहतो, अंगणात पाय ठेवला तर तळवा भाजतो. आणि इथं एका दाराआड एवढा गारवा भरून ठेवलेला. तिला तो हवासा वाटला. लाज न बाळगता हवासा वाटला. "कसं वाटतंय, ताई?" निवेदकानं विचारलं. "थंड," ती म्हणाली. लोक टाळ्या पिटून हसले. तिनं काही विनोद केला नव्हता.

फ्रिज आला पावसाळ्यानंतर. बल्लारपूरच्या अयूबभाईचा टेम्पो नाल्यापाशी रुतला. मग फ्रिजला बांबू बांधले आणि गावातल्या गड्यांनी तो खांद्यावरून आणला. मागून बाया, पोरं, कुत्री. दारात आणल्यावर कळलं की दार लहान आहे. आडवा घातला, तिरपा घातला, शेवटी चौकटच उखडली. अयूबभाईनं वायर जोडून दिली आणि जाता जाता म्हणाला, "बाई, याले करंट बराबर लागते. नाई तं हे नुसतं कपाट हाय."

तो खरं बोलला. कवठीटोल्यात करंट पाहुण्यासारखा यायचा. चौकट पुन्हा बसलीच नाही, तिथं बांबूचा तट्ट्या लावला, आणि थंडीभर त्यातून वारा आत घुसला. शेजारपाजारचे आपापल्या वस्तू घेऊन आले. कोणाचं ताक, कोणाची मासोळी, गावपाटील लालसूभाऊंची बकरीला टोचायची दवाई. दोन दिवस लाइन गेली तेव्हा मासोळी सडली आणि तिच्या वासानं ताकवाली भांडली, दवाई उकडली म्हणून पाटील रुसले. रोजगाराच्या कामावर जाताना बाया नीलाबाईला हाक मारीनाशा झाल्या. "तुले कायले पाह्यजे व माय उन्हातानात?" असं म्हणायच्या आणि पुढं व्हायच्या. नावसुद्धा गेलं तिचं. फ्रिजवाली झाली.

तरीही करंट असेल त्या दुपारी ती स्टीलचा गिलास भरून दारात बसायची आणि एकेक घोट घ्यायची. ते पाणी छातीतून खाली उतरताना कळायचं. त्या वेळी तिला कोणाचंही काहीही वाटत नसे.

झाडांचं भांडण गोटुलात गेलं. गडी ओट्यावर, बाया खाली. लालसूभाऊंनी तंबाखू मळत दोघांचं ऐकून घेतलं. लच्छूनं आवाज न चढवता आपलं मांडलं. खराटा दिला तो सगळ्यांनी पाहिला, गेल्या साली फुलं त्यानं वेचली तेव्हा कोणी हटकलं नाही, यंदा झाडून काढलं तेही त्यानंच. वर म्हणाला, "मी काही कोनाचं लुटून राह्यलो नाई. त्यायच्या घरी देवानं देल्लं. माह्या घरी काय हाय?"

बायांमध्ये माना हलल्या. नीलाबाईनं त्या पाहिल्या. त्यांतल्या निम्म्या बायांची मासोळी तिच्या फ्रिजात राहून गेली होती.

लालसूभाऊ म्हणाले, "नीलाबाई, तुले सोपं करून सांगतो. फ्रिज गोटुलात आनून ठेव, साऱ्या गावाचा होऊ दे. मोह तुहे तुले वापस. नाई तं फ्रिज ठेव, मोह लच्छूले राहू दे. दोन्ही एका घरात नाई शोभत."

"काऊन नाई शोभत?"

"गावात समसमान पाह्यजे."

"पाटील, गरिबाच्या घरात एकच चीज ठेवावी असा कायदा हाय का?" नीलाबाई उभी राहिली. बाया खालून तिचं लुगडं ओढत होत्या, बस, बस. ती बसली नाही. "त्या बिसनच्या पोरीले शाळेतून सायकल भेटली. मंग तिच्या मायची बकरी कोन नेली? तुमच्या घरी मोटरसायकल आली तवा तुमचे मोह कोनाले देल्ले? मलेच काऊन निवडाले लावता?"

"मोटरसायकल मी इकत घेतली."

"अन मी काय चोरून आनला? सांगा नं."

गडी एकमेकांकडं पाहू लागले. लालसूभाऊंनी तंबाखू दाढेखाली सारली आणि आवाज बारीक केला. तो बारीक झाला की निकाल लागला असं समजायचं. "फ्रिज येतपरेंत फुलं लच्छू येचन. पाह्य तुह्या मनानं."

घरी आल्यावर बिरजू कोयत्याला धार लावत बसला. तो बांबूतोडीला जाणारा, अंगानं बळकट आणि बोलण्यात कच्चा माणूस. शेवटी म्हणाला, "देऊन टाक नं फ्रिज. करंट तं राहतच नाई."

"अन तू दुपारी दार उघडून त्याच्यापुढं बनियान वर करून बसते, ते?"

बिरजू ओशाळला. "मंग मोह देऊन टाकू."

"तुह्या मायनं देल्लेले हाय ते. तूच जाऊन सांग तिले, डोंगरीवर दगड हाय तिचा."

बिरजूनं तो विषय पुन्हा काढला नाही. मेलेल्या आईलाही तो भीत होता.

नीलाबाईनं फ्रिज दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती टोपली घेऊन डोंगरीपलीकडं जायला लागली, जिथली झाडं कोणाचीच नाहीत. का नाहीत ते तिथं गेल्यावर कळतं. वाट खडकाची, मधे काटेरी झुडपं, झाडं विरळ आणि फुलं अस्वलांनी तुडवलेली. ती वाटेनं काठी दगडावर आपटत जाई, मोठ्यानं बडबडत जाई, म्हणजे जनावराला कळावं. बडबडायला विषय शोधावा लागत नव्हता. पाटलांपासून सुरू करायची आणि लच्छूवर संपवायची. उन्हं वर येईतो कंबर धरायची. नखांत चीक बसायचा, हाताला तो गोड उग्र वास, त्यावर माशा. अर्धी टोपली घेऊन उतरताना एकदा चपलेचा पट्टा तुटला तेव्हा ती चप्पल हातात घेऊन आली.

उतरताना नाल्याकाठचे आपले तिन्ही मोह दिसायचे. खाली रंजीताचं टोपलं शिगोशीग. एक दिवस रंजीतानं दुरूनच ओंजळभर फुलं पुढं केली. "घेऊन जा, बाई. तुमच्यासाठीच येचले."

"माह्याच झाडाची भीक मलेच देतं का वं?" नीलाबाई म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं, कारण रंजीताचं तोंड उतरलं होतं, आणि रंजीता वाईट बाई नव्हती. पण ती फुलं तिनं घेतली नाहीत.

त्याच आठवड्यात फोन आला. 'नशिबाची पेटी'चा अतुल बोलत होता. गेल्या साली जिंकलेल्या बायांच्या घरी जाऊन बक्षिसानं काय बदल झाला ते दाखवायचं होतं. "आम्ही परवा येतो, ताई. छान साडी नेसून ठेवा."

बातमी गावभर झाली. ज्या बाया तिला हाक मारत नव्हत्या त्या तट्ट्या बाजूला सारून विचारून गेल्या, किती वाजता येणार, आम्हीपण दिसू का. लच्छूनं धानोऱ्याला जाऊन केस कापून आणले.

अतुल आला तो घामानं भिजून. उंच, किरकोळ पोरगा, डोक्यावर ओला रुमाल. बरोबर कॅमेरेवाला आणि सामान उचलणारी दोन माणसं. त्यांनी नीलाबाईचं पाणी प्यायच्या आधी तिचा फ्रिज उघडला. आत मिरच्या होत्या, अर्धा कांदा होता आणि बिरजूची तंबाखूची पुडी होती, कारण गारव्यात ती ताजी राहते असं बिरजूचं म्हणणं. अतुलनं ते सगळं उचलून चुलीपाशी ठेवायला सांगितलं. मग खोक्यातून लालभडक सफरचंदं काढली, थंड पेयांच्या बाटल्या, केक, कोबीचे गड्डे. सगळं रचलं. करंट नव्हता. दिवा लागेना म्हणून कोबीमागं बॅटरी लपवली.

"आता ताई, दार उघडायचं, आत बघायचं, हसायचं आणि म्हणायचं, या फ्रिजनं माझं आयुष्य बदललं."

कॅमेरा सुरू झाला. दारात गाव दाटलं होतं. सगळ्यांच्या पुढं लच्छू, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, कॅमेऱ्याच्या नजरेत येईल असा तिरपा उभा.

नीलाबाईनं दार उघडलं. "या फ्रिजनं माहं आयुष्य बदललं," ती म्हणाली. "माहे मोह गेले."

"थांबा, थांबा. ताई, दुसरं वाक्य नको."

"मंग पयलंही नको."

"अहो, असं काय करता? एवढ्या लांबून आलो. सांगलीच्या बाईंकडं गेलो होतो, शिलाई मशीन मिळालं त्यांना, किती छान बोलल्या."

"त्यायची झाडं नसन नेली कोनी."

अतुलनं रुमाल पिळला. त्याच्या मागं लच्छूनं केसांवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्याकडं पाहून उगाचच हसला. नीलाबाईनं ते पाहिलं. त्या हसण्यावर तिची नजर बराच वेळ राहिली.

"तुमाले पाह्यजे तसं बोलतो," ती एकदम मऊ होऊन म्हणाली. "हासून बोलतो. पन घरात नाई, मोहाखाली. अन त्याच्या आधी आमच्यात एक रीत राहते."

"रीत?" अतुलचे डोळे चमकले. "कसली रीत?"

"घरचा खराटा बाईच्या हातात देतेत. आंगनात, साऱ्यायसमोर. मंग ते मोहाखाली झाडते. माहा खराटा या माह्या दिराच्या घरी हाय."

यात तिनं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. "वा! हे तर फार सुंदर आहे," अतुल म्हणाला आणि कॅमेरा उचलून सगळे लच्छूच्या अंगणात गेले. मागोमाग गाव. लालसूभाऊ येऊन अंगणातल्या दगडावर बसले.

रंजीता घरातून खराटा घेऊन आली. तीच बांबूची मूठ, सासूच्या हातानं गुळगुळीत झालेली. नीलाबाईनं हात पुढं केला, तेवढ्यात अतुल मधे आला. "नाही, नाही. दादा, तुम्ही द्या. दिरानं वहिनीला दिलं की मजा येईल. तुमचा चेहरा कॅमेऱ्यात छान दिसतो."

लच्छू चुळबुळला. त्याला कळलं नव्हतं असं नाही. त्यानं पाटलांकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं, मग त्याच्यावर खिळलेल्या सगळ्या गावाकडं.

"दे नं लच्छूभाऊ, टीवीवर दिसशीन!" मागून कोणीतरी ओरडलं.

त्यानं खराटा दिला. गुरं हाकायची काठी द्यावी तसा दिला. अतुलला आवडलं नाही. पुन्हा घेतलं. या वेळी उन्हाची तिरीप आडवी आली. "आणखी एकदा. दादा, हसा. आणि काहीतरी बोला ना, मनापासून."

आता लच्छूला रंग चढला होता. कॅमेरेवाल्यानं अंगठा दाखवला, पोरं खिदळली, बाया पुढं सरकल्या. त्यानं कॉलर नीट केली, खराटा दोन्ही हातांत आडवा धरला, मान थोडी झुकवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "घे वयनी. आपले मोह तुह्याच हातात शोभतेत."

"क्या बात है!" अतुल ओरडला. "हेच ठेवू."

रंजीतानं पदर तोंडात कोंबला. लालसूभाऊंनी तंबाखू थुंकली आणि ते लच्छूकडं पाहत राहिले. नीलाबाईनं खराटा घेतला, मूठ गच्च धरली आणि ती नाल्याकडं चालायला लागली.

थोरल्या मोहाखाली तिनं झाडलं. मग ठरल्याप्रमाणे कॅमेऱ्याकडं तोंड करून, दात दाखवून म्हणाली, "या फ्रिजनं माहं आयुष्य बदललं." शब्दाला शब्द. अतुल खूश झाला.

जाताना त्याची माणसं फ्रिजमधली सफरचंदं पुन्हा खोक्यात भरायला लागली. नीलाबाई दारात आडवी उभी राहिली. "फ्रिज भरलेला दाखवून राह्यले नं तुमी साऱ्या दुनियेले? मंग भरलेलाच राहू द्या."

अतुल वरमला. "ते सामान परत द्यायचं असतं, ताई."

"मलेही माहे शब्द परत द्या मंग."

सफरचंदं राहिली. केकही राहिला. पोरांनी संध्याकाळपर्यंत सगळं संपवलं आणि बिरजूनं दोन सफरचंदं लपवून ठेवली ती बायकोनं पाहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सगळ्यांच्या आधी नाल्यावर पोचली. रात्रभर फुलं गळली होती. जमीन पिवळसर पांढरी झाली होती आणि वरून अजून टपटप सुरू होती. ती अस्वल्याखाली वेचायला बसली. थोड्या वेळानं पावलं वाजली. लच्छू आला होता, टोपलं घेऊन. इस्त्रीचा शर्ट गेला होता, रोजचं फाटकं बनियान अंगात होतं.

तो वाकड्या मोहाखाली बसला आणि वेचायला लागला.

"उठ," नीलाबाई म्हणाली.

"वयनी, उगाच डोकं नको खाऊ. कालचं तं नाटक होतं. टीवीवाल्यानं सांगतलं तसं केलं."

"साऱ्या गावासमोर देल्ला तू खराटा."

"खेळ होता तो. खेळातलं खरं राहते का?"

नीलाबाई उठून त्याच्यापुढं आली. कंबरेवर हात, पायांना चीक चिकटलेला. लालसूभाऊ आपल्या झाडांकडं निघाले होते, ते वाटेवर थांबले.

"मले फ्रिज कुठी भेटला रे, लच्छू?"

"कुठी म्हंजे? टीवीवर."

"खेळातच नं? लिंबू-चमचा खेळली, पेटी दाखवली अन भेटला. तो खेळातला फ्रिज तुले एवढा खरा वाटला की त्याच्यापायी माहे खरे मोह तू घेतले. मंग खेळातला खराटाच काऊन खोटा?"

लच्छूनं वाटेकडं पाहिलं. "पाटील, सांगा नं काही."

लालसूभाऊंनी डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "फ्रिज खरा तं खराटाही खरा," ते म्हणाले. "दोन्ही तिचे. मले माह्या फुलाकडं जाऊ दे, गुरं खाऊन राह्यले असन." आणि ते गेले.

लच्छू उभा राहिला. टोपल्यात ओंजळभर फुलं होती. ती त्यानं जमिनीवर ओतली. जायला वळला आणि पुन्हा वळून, रागानं की लाजेनं ते त्यालाच ठाऊक, म्हणाला, "आता उन्हाळाभर तुह्या दाराशी नाई येत मी. थंड पानी पी एकटीच."

"दुपारी करंट राह्यला तं ये. मांगशीन तेवढं पानी देईन," नीलाबाई म्हणाली. ती पुन्हा खाली बसली होती, हात चालू होते. "अन माह्या झाडाखालचं एक फूल उचलशीन तं हात मोडीन."